पॉल सायमनचा 'ग्रेसलँड' (१९८६): अल्बम भारी, पण बहिष्कार मोडून केलेला. तुम्ही कसं बघता?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी,

गंगापूर रोडला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही काही जण महिन्यातून एकदा अख्खा अल्बम ऐकायला जमतो. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग, मोबाईल बाहेरच्या खोलीत, गप्पा नंतर. या वेळी निवडायची पाळी माझी आणि मी पॉल सायमनचा 'ग्रेसलँड' घेतलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायमन आणि गारफंकल ही अमेरिकन गायकांची जोडी १९७० मध्ये फुटली, सायमन एकटा लिहीत-गात राहिला, सत्तरच्या दशकात भरपूर गाजला, आणि १९८३ चा 'हार्ट्स अँड बोन्स' मात्र साफ आपटला. त्याच सुमारास लग्नही मोडलं. अशात कुणीतरी दिलेली एक कॅसेट तो गाडीत सारखी ऐकायला लागला, दक्षिण आफ्रिकेतल्या टाउनशिपमधलं (म्हणजे काळ्यांच्या वेगळ्या वस्त्यांमधलं) अकॉर्डियनचं नाचरं संगीत. वेड इतकं लागलं की फेब्रुवारी १९८५ मध्ये थेट जोहान्सबर्ग गाठून तिथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून आला. तेव्हा तिथे वर्णभेदी राजवट होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८० साली ठराव करून कलाकारांना तिथल्या सांस्कृतिक बहिष्काराचं आवाहन केलेलं होतं. ऑगस्ट १९८६ मध्ये अल्बम आला, तुफान चालला, पुढच्या वर्षी सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी लंडनला रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर त्याच्याविरुद्ध निदर्शनंही झाली.

माझं मत आधीच सांगते. अल्बम अप्रतिम आहे, आणि सायमनने जायच्या आधी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला, म्हणजे वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या तिथल्या संघटनेला, विचारायला हवं होतं. दोन्ही. आता प्रश्न असा की हा इतिहास मी ऐकण्याआधी सांगू की नंतर? आधी सांगितला तर लोक गाणी सोडून न्यायनिवाडा करत बसतील, नंतर सांगितला तर फसवल्यासारखं वाटेल. तुम्ही काय कराल?

पंचवटी एक्सप्रेस

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. (आणि महिन्यातून एकदा मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवणारी माणसं नाशकात आहेत हे वाचून बरं वाटलं.)

कॅसेटवेडा

वा, आवडता विषय काढलात! माझ्या थोरल्या भावाने ही कॅसेट मुंबईहून आणली होती आणि ती आमच्या घरात इतकी वाजली की आईला पण चाली पाठ. 'यू कॅन कॉल मी अल' चा व्हिडिओ तर कोण विसरेल, त्यात सायमन गप्प बसलेला आणि चेव्ही चेस हा विनोदी नट त्याच्या जागी ओठ हलवतोय.

त्या गाण्याच्या नावाची गोष्ट पण मस्त आहे. सायमनच्या घरी पार्टी होती, त्यात फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ आलेले, निघताना त्यांनी सायमनला 'अल' म्हणून हाक मारली आणि त्याच्या तेव्हाच्या बायकोला, पेगीला, 'बेटी'. झालं, तेच गाण्यात आलं.

गोदाकाठी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नंतर सांगा. आधी कान, मग डोकं.

फ्रेटलेस

बास गिटार वाजवतो म्हणून माझं या अल्बमवर जरा जास्तच प्रेम आहे. बकिथी कुमालो. हे नाव लिहून ठेवा सगळ्यांनी. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोचा मुलगा, बिनपडद्यांचा फ्रेटलेस बास. त्या 'अल' गाण्यात शेवटाकडे सगळी वाद्यं थांबतात आणि बासचा एक झपाटा येतो, सुरुवातीला खाली घसरत जातो आणि परत उलटा वर. तो उलटा भाग वाजवलेला नाहीये, पहिला अर्धा वाजवला आणि टेप उलटी फिरवून पुढे जोडली. माझ्या मित्रांना हे सांगितलं तर विश्वास बसत नाही, सगळे बिचारे हाताने तो उलटा भाग काढायला बसतात (मी पण बसलेलो, बोटं दुखतात पण निघतो).

आणि हा अल्बम बनवला पण उलटाच. साधारण गीतकार गाणं लिहितो आणि मग वादक बोलावतो. इथे आधी जोहान्सबर्गच्या ओव्हेशन स्टुडिओत वादकांबरोबर ट्रॅक रेकॉर्ड झाले, ते घेऊन सायमन घरी गेला आणि त्या ठेक्यांवर शब्द बसवत राहिला, कधी कधी महिनोन् महिने. म्हणून त्यातले शब्द असे अडखळत, बोलल्यासारखे येतात, कारण ते आधीच चालू असलेल्या तालात जागा शोधतायत.

रे फिरी गिटारवर, आयझॅक मत्शाली ड्रमवर, बकिथी बासवर. ही तिघं नसती तर अल्बम नाही. विषय संपला.

सिन्नरकर

विषय संपला कसा, विषय आता सुरू होतोय.

मला संगीत आवडतं, पण कौतुकाच्या नादात बहिष्कार म्हणजे काय हे विसरू नका. आपल्या देशाने याची किंमत मोजलेली आहे. १९७४, डेव्हिस कपची फायनल. विजय आणि आनंद अमृतराजची टीम पहिल्यांदा कप जिंकायच्या इतक्या जवळ आलेली, समोर दक्षिण आफ्रिका, आणि भारताने खेळायला नकार दिला. कप त्यांना न खेळता मिळाला. आपण तो कप आजतागायत जिंकलेलो नाही. त्या पोरांना काय वाटलं असेल, सगळं करिअर ज्या एका गोष्टीसाठी घासलं ती समोर असून सोडायची! क्रिकेटमध्ये पण तेच, दक्षिण आफ्रिका परत आली ती थेट १९९१ ला, कोलकात्याला ईडनवर. आमच्या वडिलांच्या जुन्या पासपोर्टवर तर छापलेलं होतं की दक्षिण आफ्रिका सोडून बाकी देशांसाठी वैध.

म्हणजे टेनिसपटूने कप सोडायचा, आपल्यासारख्या साध्या माणसाने पासपोर्टवरची ओळ पाळायची, आणि अमेरिकेतल्या एका श्रीमंत गायकाला एक कॅसेट आवडली म्हणून त्याने विमान पकडून जायचं? हॅरी बेलाफोंटे या अमेरिकन गायकाने त्याला सांगितलं होतं की आधी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लोकांशी बोलून घे. तो नाही बोलला.

गोदाकाठी, आधी सांगा. हे माहीत नसताना ऐकणं म्हणजे अर्धवट ऐकणं.

मृण्मयी_ना

@सिन्नरकर, डेव्हिस कपचं उदाहरण जबरदस्त, पण एक फरक आहे. तिथे समोर त्या देशाची अधिकृत टीम होती. इथे सायमन सरकारसाठी गायला नाही, सन सिटी या तिथल्या रिसॉर्टच्या कॅसिनोमध्ये पैसे घेऊन गाणाऱ्यांसारखा गेला नाही, गोऱ्या प्रेक्षकांसाठी एक पण शो केला नाही. काळ्या वादकांबरोबर काम केलं. तिथल्या काळ्या वादकांच्या संघटनेनेच मतदान करून ये म्हणून सांगितलं असं तो कायम सांगतो. आणि पैसे! न्यूयॉर्कमधल्या टॉपच्या वादकांना मिळतो त्याच्या तिप्पट दर दिला, तासाला जवळपास २०० डॉलर. जोहान्सबर्गला तेव्हा दिवसाला साधारण १५ डॉलर मिळायचे.

सिन्नरकर

@मृण्मयी_ना पैसे दिले हे मान्यच आहे, चांगले दिले. पण पैसे ही एक गोष्ट आणि परवानगी ही दुसरी. जे लोक तुरुंगात होते, देशाबाहेर होते, ज्यांनी हा बहिष्कार मागितला होता, त्यांना विचारायचं होतं. प्रत्येक स्टारने 'माझं कारण चांगलं आहे' म्हणून आपापली सवलत काढली तर बहिष्कार राहतोच कुठे? आणि सन सिटीचं म्हणताय तर त्याच अल्बममध्ये 'अंडर आफ्रिकन स्काइज' ला लिंडा रॉन्स्टाट आहे, ती १९८३ ला सन सिटीत गाऊन आलेली. एवढं तरी बघायचं की नाही?

कॅसेटवेडा

पण रॉन्स्टाटचा आवाज त्या गाण्यात काय सुंदर आहे हो.

सिन्नरकर

तो आहेच. तोच तर त्रास आहे.

पंचवटी एक्सप्रेस

अवांतर: डेव्हिस कपवरून आठवलं, त्या जुन्या पासपोर्टवर अजून काय काय लिहिलेलं असायचं यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

मृण्मयी_ना

आता तुम्ही म्हणता 'देशाबाहेर होते त्यांना विचारा', तर ऐका. तिथलाच ट्रंपेटवादक ह्यू मासेकेला आणि गायिका मिरियम मकेबा. दोघंही १९५९-६० पासून देशाबाहेर, मकेबाचा तर पासपोर्टच रद्द केलेला, स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला जाता आलं नाही तिला. हे दोघं १९८७ च्या ग्रेसलँड दौऱ्यावर सायमनबरोबर स्टेजवर होते. हरारेला, झिंबाब्वेत, शो केला कारण घरच्या जास्तीत जास्त जवळ तिथेच जाता येत होतं, दक्षिण आफ्रिकेतून लोक सीमा ओलांडून आले होते ऐकायला. मासेकेलाला बहिष्कार म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज होती का? त्याचं म्हणणं होतं की आमचं संगीत जगाला ऐकू जाऊ दे.

आणि जोसेफ शबालालाचा लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो हा गायकांचा समूह. त्यांना 'होमलेस' साठी लंडनला ॲबी रोड स्टुडिओत बोलावलं. ते गाणं शबालाला आणि सायमनने मिळून लिहिलं आणि लेबलवर दोघांची नावं आहेत. नंतर सायमनने त्यांचा स्वतःचा अल्बम करून दिला, त्याला १९८८ ला ग्रॅमी मिळालं. ही माणसं जगभर पोचली.

फ्रेटलेस

एक गोष्ट जोडतो, मला ती कायम लक्षात राहते. स्टुडिओत सगळं छान चालू असायचं आणि संध्याकाळ व्हायला लागली की काळे वादक अस्वस्थ व्हायचे. कारण अंधार पडल्यावर परवान्याशिवाय गोऱ्यांच्या भागात रस्त्यावर दिसलं तर पोलीस पकडणार. म्हणजे मघाशी जो माणूस पूर्ण रंगात येऊन वाजवत होता त्याला आता घरी कसं पोचायचं याचा हिशोब करायचाय. हे मी वाचलं तेव्हापासून रे फिरीची गिटार मला वेगळीच ऐकू येते.

आणि 'ग्रेसलँड' या गाण्यातच फिरीने एक मायनर कॉर्ड टाकली जी त्यांच्या तिकडच्या संगीतात सहसा येत नाही. सायमनने विचारलं ही कुठून आली, तर म्हणे तुझ्या गाण्यांसारखं वाजवून बघत होतो. म्हणजे तो त्यांचं उचलत होता आणि ते त्याचं. स्टुडिओच्या आत तरी हे देणंघेणं दोन्ही बाजूंनी होतं.

सप्तशृंग

बराच वेळ नुसती वाचत होते, पण आता लिहितेच.

माझे मामा वणीच्या बाजूचे, संबळ वाजवतात. लग्नं, गोंधळ, जत्रा, सगळीकडे. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं. दोन संबळ कमरेला, एक बारीक एक मोठं, काड्या, आणि तिथे त्यांना सांगितलं की हेडफोन लावून क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठराविक टिकटिकीवर, वाजवा. त्यांनी आयुष्यात क्लिकवर वाजवलेलं नाही, संबळ सनईबरोबर चालतं, माणूस नाचेल तसं पुढेमागे होतं. तरी वाजवलं. उत्तम वाजवलं. एक पाकीट हातात दिलं, सही घेतली, मामा रात्रीच्या एसटीने परत. पुढे ते गाणं मोठं झालं, दुकानातनं, रिक्षातनं, गणपतीत वाजलं. मामांचं नाव कुठेही नाही. मी इंटरनेटवर सगळीकडे शोधलं, गायक आहे, संगीतकार आहे, मिक्सिंग करणारा आहे, गाडीत कुणी फिरवलं त्याचे आभार आहेत. संबळ कुणी वाजवलं ते नाही.

म्हणून मी 'ग्रेसलँड' चं कव्हर उघडलं की पहिल्यांदा आतली यादी बघते. प्रत्येक गाण्याखाली कोण काय वाजवतोय ते लिहिलंय. फोरेरे मोटलोहेलोआ, अकॉर्डियन, 'द बॉय इन द बबल', आणि त्या गाण्याच्या लेखनात पण त्याचं नाव. जनरल शिरिंडाचं नाव. बोयोयो बॉईजच्या लोकांची नावं 'गमबूट्स' वर. माझ्या मामांना कुणी तिप्पट पैसे देऊ नका, पण हे तरी द्या.

तर माझ्या मते तीन गोष्टी आहेत आणि तुम्ही सगळे त्या एकत्र कालवताय. परवानगी, पैसे, नाव. सायमन परवानगीत कमी पडला. पैशात नाही. नावाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी नाही. तिन्हींना वेगवेगळे मार्क द्या.

मृण्मयी_ना

+१००. मामांना नमस्कार सांगा.

पंचवटी एक्सप्रेस

+१. गाण्याचं नाव इथे देऊ नका पण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी आता त्या गाण्याखाली जाऊन कमेंटमध्ये मामांचं नाव लिहिणारे.

सप्तशृंग

@पंचवटी एक्सप्रेस, करते व्यनि. मामांना विचारून मगच.

सिन्नरकर

सप्तशृंग ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तीन गोष्टी वेगळ्या करणं पटलं.

आमच्या तालुक्याचंच उदाहरण देतो. वामनदादा कर्डक, देशवंडीचे, १९२२ चा जन्म. स्वतः लिहायचे, स्वतः चाल लावायचे, स्वतः गावोगाव जाऊन गायचे. पूर्ण अर्थाने सिंगर-साँगरायटर, फक्त आपण त्यांना शाहीर, लोककवी म्हणतो. हजारो गाणी. आणि कित्येक जण ती गाणी गातात, आमच्याकडे जयंतीला प्रत्येक मंडपात वाजतात, पण गाणं कुणाचं हे अर्ध्यांना माहीत नसतं. वामनदादांना बहुतेक त्याचं वाईट वाटलं नसतं, गाणं लोकांचं झालं म्हणून आनंदच झाला असता. पण आपण तरी सांगायला नको का?

नावाच्या बाबतीत मात्र सायमनला पूर्ण मार्क देऊ नका. शेवटचं गाणं, 'द मिथ ऑफ फिंगरप्रिंट्स', त्यात लॉस लोबोस हा लॉस एंजेलिसचा बँड आहे. ते लोक आजतागायत सांगतात की ती चाल आम्ही स्टुडिओत वाजवत होतो, आणि अल्बम आला तर लेखक म्हणून एकट्या सायमनचं नाव. सायमनची बाजू वेगळी आहे. पण गंमत बघा, जोहान्सबर्गच्या वादकांना नाव मिळालं आणि अमेरिकेतल्याच बँडशी भांडण झालं.

कॅसेटवेडा

हे नव्हतं माहीत. त्या गाण्यात मला नेहमी वाटायचं की हे बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. शेवटची दोन्ही गाणी आफ्रिकेची नाहीतच ना? त्याच्या आधीचं लुईझियानाचं, गुड रॉकिन डॉप्सीचं अकॉर्डियन.

फ्रेटलेस

बरोबर. आणि खरं सांगू का, ती दोन काढली तरी अल्बमला फारसं काही होत नाही. 'होमलेस' काढलं तर छप्पर जातं.

द्राक्षबाग

उशिरा आलो, थंडी वाढलीये आणि बागेत छाटणीनंतरची कामं आहेत त्यामुळे. मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. सगळे सायमनने जायला हवं होतं की नको यावर बोलतायत, पण गाण्यात तो काय बोलतो ते कुणी काढलंच नाही. इतकं सगळं त्या देशात जाऊन केलं आणि बहुतेक गाणी आहेत न्यूयॉर्कच्या एका मध्यमवयीन माणसाची, घटस्फोट, मुलाला घेऊन मेम्फिसला एल्विसचं घर बघायला जाणं, पोट सुटल्याची काळजी. वर्णभेदावर सरळ एक ओळ नाही. पहिल्या गाण्यात बॉम्बस्फोट येतो तेवढाच. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातले काळे विद्यार्थी १९८७ मध्ये त्याला तोंडावर हेच विचारत होते, आमचं संगीत घेऊन तू तुझ्याबद्दल बोललास.

मला त्यावर असं वाटतं की जर त्याने दुसऱ्याच्या दुःखावर गाणी लिहिली असती तर ती खोटी वाटली असती. त्याने स्वतःचंच लिहिलं, स्वतःच्या वयाचं. म्हणून अल्बम टिकला. ४५ च्या आसपासचा माणूस, करिअर उतरणीला लागलेलं, सगळ्यांनी सोडून दिलेलं, तो कुठल्या तालावर परत उभा राहतो हे त्यात ऐकू येतं. पण तो ताल दुसऱ्याचा होता आणि त्यांची घरं तेव्हा जळत होती, हे पण खरं. मला हे दोन्ही एकत्र धरायला जमत नाही, मी आलटून पालटून धरतो.

मृण्मयी_ना

@द्राक्षबाग, फार छान लिहिलंत. आणि आर्थर ॲश हा काळा अमेरिकन टेनिसपटू बिचारा दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला होता त्यावरून पण असाच वाद झाला होता, १९७३ ला. हा वाद जुनाच आहे, बाहेर राहून दार बंद करायचं की आत जाऊन बोलायचं.

सिन्नरकर

ॲशने नंतर बहिष्काराची बाजू घेतली, हे पण लिहा. १९८३ मध्ये बेलाफोंटेबरोबर त्याने कलाकार आणि खेळाडूंची संघटनाच काढली बहिष्कारासाठी.

कॅसेटवेडा

सिन्नरकर काही सोडणार नाहीत आज :)

पण शेवट गोड झाला ना? डाली तांबो, म्हणजे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते ऑलिव्हर तांबो यांचा मुलगा, ज्याने लंडनमध्ये बहिष्काराची मोहीम चालवली, तो आणि सायमन २५ वर्षांनी समोरासमोर बसून बोलले. २०१२ ची डॉक्युमेंटरी आहे. दोघांनी आपापली बाजू मांडली आणि शेवटी मिठी मारली.

सिन्नरकर

बघितलीये. मिठी चांगली होती. तांबोने मात्र आपला मुद्दा सोडला नाही, आणि मला वाटतं बरोबर केलं.

गोदाकाठी

इतकी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. वाचता वाचता माझं ठरलं. आधी काहीच सांगणार नाही असं नाही आणि सगळं सांगणार असंही नाही. सुरुवातीला फक्त वादकांची नावं वाचणार, गाण्यागणिक, कोण काय वाजवतोय. बकिथी कुमालो, रे फिरी, आयझॅक मत्शाली, फोरेरे मोटलोहेलोआ, शबालाला आणि त्याची मंडळी. म्हणजे पहिल्या अकॉर्डियनला लोकांना माहीत असेल की हा माणूस कोण. मग अकरा गाणी सलग. बहिष्कार, परवानगी, लॉस लोबोस, डेव्हिस कप, हे सगळं नंतर, आणि तेव्हा न्यायनिवाडा करायचा तर खुशाल करा.

सिन्नरकर, तुम्ही येता का? नंतरच्या गप्पांना तुमची बाजू मांडायला कुणीतरी हवं. आणि सप्तशृंग ताई, तुम्ही आणि मामा, दोघंही.

सिन्नरकर

येतो. शेवटची एसटी किती वाजता ते बघून सांगतो.

सप्तशृंग

मामांना विचारलं. म्हणाले गाणी इंग्रजी आहेत का? म्हटलं हो. म्हणाले मग ताल कसला आहे ते सांग. मी फोनवर 'गमबूट्स' लावलं तर सगळं ऐकलं आणि परत लाव म्हणाले. येतील बहुतेक.

फ्रेटलेस

गोदाकाठी, एकच विनंती, ब्लूटूथचा डबडा स्पीकर नको. बकिथीचा बास त्यातून ऐकूच येत नाही, नुसती टिकटिक येते. माझ्याकडे जुने मोठे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर आहे, इंदिरानगरहून रिक्षात घालून आणतो. वर चढवायला दोन माणसं लागतील, लिफ्ट आहे ना?